क्रूगरला पक्षी बघायला येताय? निघायच्या आधी एवढं वाचाच

नमस्कार मंडळी,

बुकिंग झालं की आठवड्याभरात फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सिंह दिसेल ना हो?" दिसेल बहुतेक. पण ही ट्रिप त्याच्यासाठी नाहीये हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर गाडीत कुरबुर नको. आमची गाडी सिंहापाशी दहा मिनिटं थांबेल आणि वाळक्या झाडावर बसलेल्या एखाद्या गरुडापाशी पाऊण तास, आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ आमची जनरल सफारी घ्यावी, तीही छान आहे, आम्हाला अजिबात राग नाही.

क्रूगर नॅशनल पार्क दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मोझांबिकच्या सीमेला लागून. १९२६ साली नॅशनल पार्क झालं. एरिया साधारण १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा आत ठेवला तरी वर जागा उरेल. पक्ष्यांच्या जाती ५०० च्या वर नोंदल्यात. त्यातल्या तुम्हाला किती दिसतील ते पाऊस, वारा आणि तुमची पहाटे उठायची तयारी यावर आहे, आम्ही आकडा देत नाही, कोणी छातीठोक देत असेल तर जरा जपूनच.

डिसेंबर-जानेवारीच का?

जनरल सफारीवाले जून ते ऑगस्टमध्ये नेतात कारण तेव्हा तिकडे हिवाळा, गवत सुकलेलं, जनावरं पाणवठ्यावर येतात. आम्ही बरोब्बर उलटं करतो. डिसेंबर-जानेवारीत तिकडे उन्हाळा आणि पावसाळा एकदमच, गवत कमरेएवढं, बिबट्या चार फुटांवर असला तरी दिसायचा नाही, पण पाहुणे पक्षी तेव्हाच आलेले असतात. वुडलँड किंगफिशर, म्हणजे निळ्या पाठीचा एक खंड्या, दिवसभर झाडावरून किरकिरत असतो. युरोपातले नीलपंख थंडी काढायला आलेले असतात. आणि चातक! आपण त्याला आपल्याच पावसाचा समजतो, पण तो तिथेही भेटतो आणि तिथेही पावसाळ्याचाच पाहुणा. लोणावळ्याच्या बाजूला नोव्हेंबरच्या सुमारास अमूर फाल्कन बघायला जे धावतात त्यांच्यासाठी तर खास, कारण हे एवढेसे ससाणे नागालँडहून आपल्या डोक्यावरून जाऊन, समुद्र ओलांडून, आफ्रिकेच्या दक्षिण भागातच थंडी काढतात.

काय बघायचं

तिकडचे पक्षीवाले सहा मोठ्या पक्ष्यांना बिग सिक्स म्हणतात: सदर्न ग्राउंड हॉर्नबिल, कोरी बस्टर्ड, मार्शल ईगल, लॅपेट-फेस्ड गिधाड, सॅडल-बिल्ड करकोचा आणि पेल्स फिशिंग आउल. शेवटचं घुबड उत्तरेला लुवुव्हू नदीकाठच्या दाट झाडीत असतं, मासे खातं, आणि ते दिसेलच असं आम्ही कुणालाच सांगत नाही. आमचेच दोन ग्रुप त्याच्यासाठी उत्तरेला जाऊन हात हलवत परत आलेत. (पण त्या बाजूला गोरखचिंचेची अवाढव्य झाडं आहेत, ती बघून कोणीच नाराज झालं नाही.)

आमच्या मते खरी मजा कोरीची. आपला माळढोक आठवा, सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याची वाट बघून बघून लोक म्हातारे झाले, त्याचाच हा आफ्रिकेतला सख्खा भाऊ. नर १८-१९ किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांपैकी एक, आणि उडायचा कंटाळा असल्यासारखा गवतातून एकेक पाऊल मोजत चालतो. साताराच्या आसपासच्या मोकळ्या गवताळ भागात शोधायचा. हो, मुक्कामाच्या कॅम्पचं नावच सातारा आहे, आपल्या साताऱ्याचा जोक गाडीत प्रत्येक वेळी होतो, तुम्हीही करा. आणि नशीब असेल तर त्याच्या पाठीवर कार्माइन बी-ईटर बसलेला दिसतो, म्हणजे गुलाबी-लाल रंगाचा वेडा राघूच समजा. कोरी चालतो, त्याच्या पायाने गवतातले टोळ उडतात, वरचा झेप घेऊन पकडतो आणि परत येऊन पाठीवर बसतो. ज्यांनी नान्नजला फक्त रिकामा माळ बघितलाय ते इथे दुर्बीण खाली ठेवून गप्प बसतात.

ग्राउंड हॉर्नबिल म्हणजे जमिनीवर चालणारा धनेश, टर्कीएवढा, काळाकुट्ट, तोंडाभोवती लालभडक कातडी. मादीच्या गळ्यावर त्या लालात निळा-जांभळा ठिपका असतो, त्यावरून ओळखायची. पहाटे कोणीतरी रिकाम्या पिंपात तोंड घालून हुंकारतंय असा आवाज येतो, पहिल्या दिवशी सगळ्यांना सिंहच वाटतो, तो हाच. टोळीने राहतात, पण पोरं वाढायचं प्रमाण फारच कमी, सरासरी नऊ वर्षांत एका टोळीचं एखादं पिल्लू मोठं होतं. त्यामुळे रस्त्यात दिसले तर गाडी लांबच थांबणार, पुढे घ्या म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका.

सॅडल-बिल्ड करकोचाचे डोळे बघा. पिवळा डोळा म्हणजे मादी, तपकिरी म्हणजे नर. आपल्या काळ्या मानेच्या करकोच्यातही असंच असतं, दोघे एकाच घराण्यातले. आणि आकाशात शेपूटच नसलेला, डावी-उजवीकडे कलत जाणारा गरुड दिसला तर तो बॅटलूर. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ रस्त्यावर कसरती करणारा, म्हणजे आपला डोंबारीच की.

गाडी आणि नियम

पार्कात गाडीतून उतरायचं नाही. कॅम्प, पिकनिक स्पॉट, हाइड (म्हणजे आडोशाला बसून पक्षी बघायची जागा) आणि पाटी लावलेल्या ठरावीक जागा सोडून कुठेच नाही, हात-डोकंही खिडकीबाहेर नाही. डांबरी रस्त्यावर ५० आणि कच्च्यावर ४० ची स्पीड लिमिट आहे. कॅम्पची गेटं महिन्यानुसार ठरलेल्या वेळेला उघडतात-बंद होतात आणि उशीर केला तर दंड, त्यामुळे "अजून पाच मिनिटं" हा आपला लाडका प्रकार तिथे चालत नाही. टॉयलेट फक्त कॅम्प आणि पिकनिक स्पॉटवर, हे कुणीच आधी विचारत नाही म्हणून लिहितोय. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी सांगा, रूट त्याप्रमाणे छोटा करू, त्यात लाजायचं काही नाही.

पाय मोकळे करायला आणि बसून बघायला स्कुकुझा कॅम्पजवळ लेक पॅनिक नावाचं हाइड आहे. लाकडी बाकडी, समोर तळं, आम्ही तिथे किमान दोन तास देतो. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही, लोक मोबाइल काढतात, मग बोटाएवढा मॅलाकाइट खंड्या समोरच्या काडीवर येऊन बसतो आणि मोबाइल आपोआप खिशात जातात. लोअर साबी कॅम्पजवळच्या सनसेट डॅमला तर गाडीतच बसायचं, हिप्पोच्या पाठीवर उभा असलेला बगळा खिडकीतून दिसतो.

आवाज लावून पक्षी बोलावणं, म्हणजे प्लेबॅक, आमच्या ट्रिपमध्ये नाही. ॲपवर ऐका, पण हेडफोन लावून.

सोबत काय

८×४२ ची दुर्बीण प्रत्येकी एक, नवरा-बायकोत एक आणली तर भांडण होतं, अनुभव आहे. नसेल तर आमच्याकडून भाड्याने घ्या. मोठी लेन्स असेल तर ट्रायपॉड नको, गाडीत उभा राहत नाही, जाडसर कापडी पिशवी आणा, तिकडे गेल्यावर तांदूळ भरून खिडकीवर ठेवायची. मलेरियाचा भाग आहे, गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना निघायच्या बऱ्याच आधी विचारा, लांब बाह्यांचे फिक्या मातकट रंगाचे कपडे आणि ओडोमॉस हवंच. विमान केनिया किंवा इथिओपियावरून बदलणार असेल तर यलो फिव्हरच्या लसीचं कार्ड लागू शकतं, ते लसीनंतर १० दिवसांनीच चालू होतं, म्हणून तिकीट काढायच्या आधी आम्हाला फोन करा, नंतर नाही.

खाऊ जरूर आणा पण कॅम्पमध्ये खोलीबाहेर उघडा ठेवू नका. मागच्या खेपेला एका काकूंनी भाकरवडीचा अख्खा पुडा व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला आणि चहा आणायला आत गेल्या. व्हरव्हेट माकडं तिखटाला घाबरत नाहीत, हे त्या दिवशी कळलं.