पाठीवर चिकटवलेल्या सेन्सरला नक्की काय कळतं?

पोक काढून बसलं की पाठीवर गुर्रर्र करून व्हायब्रेट होणारी छोटी डिव्हाइसेस आता बरीच मिळतात, मानेखाली चिकटवायची, ॲप जोडायचं आणि कामाला बसायचं. जाहिराती बघून वाटतं की त्याला आपला अख्खा मणका दिसत असणार. पण तसं काही नाहीये, त्याला फक्त एवढंच कळतं की आपण स्वतः, म्हणजे ते डिव्हाइस, किती तिरकं झालंय.

आत असतो ॲक्सेलरोमीटर, म्हणजे फोन आडवा केला की स्क्रीन फिरवतो तोच. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा बारीक स्प्रिंगांवर लटकवलेला, त्याला कंगव्यासारखे दाते, आणि त्या दात्यांच्या मधेमधे दुसरे न हलणारे दाते. तिरकं झालं की गुरुत्वाकर्षणाने तो तुकडा किंचित सरकतो, दात्यांमधलं अंतर बदलतं, त्यामुळे कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलतो आणि त्यावरून चिप कोन काढते. यात एक मस्त गोष्ट आहे, १० अंश पुढे वाकलात तर उभ्या अक्षावरचं रीडिंग जेमतेम दीड टक्का कमी होतं पण आडव्या अक्षावर शून्याचं थेट ०.१७ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.१७ पट) होतं, म्हणून थोडासा वाक पकडायला आडवा अक्षच जास्त कामाचा.

सुरुवातीला ताठ बसून बटण दाबायचं असतं, ते कॅलिब्रेशन. तेव्हाच वाकडे बसला असाल तर मशीन दिवसभर तेच बरोबर धरून चालणार, बिचाऱ्याचा काय दोष! शिवाय खाली पडलेलं पेन उचललं तरी ते बोंबलू नये म्हणून वाकल्यावर काही सेकंद थांबून मगच व्हायब्रेट होतं.

खरी अडचण पुढे आहे. पाठ सरळ ठेवून नुसतं कमरेतून पुढे झुकलात काय किंवा वरची पाठ गोल केलीत काय, एका सेन्सरला दोन्ही जवळपास सारखंच. मणक्याचा बाक कळायला निदान दोन सेन्सर लागतात, एक वर एक कमरेशी, आणि दोघांच्या कोनातला फरक बघायचा. खुर्चीत बसवलेल्या सेन्सरची गोष्ट वेगळी, तिथे दाब मोजतात, दाबलं की रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) कमी होतो अशा पातळ पट्ट्या गादीखाली. पायावर पाय टाकला की वजन एका बाजूला गेलेलं लगेच कळतं, पण मान पुढे काढून स्क्रीनमध्ये घुसलात तर सीटला त्याचा फारसा पत्ता लागत नाही.

आणि ताठ म्हणजेच चांगलं हे तरी कुठे एवढं सरळ आहे? १९९९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एका माणसाच्या कमरेतल्या दोन मणक्यांमधल्या चकतीत चक्क प्रेशर सेन्सर बसवून मोजलं होतं. उभं राहिल्यावर सुमारे ०.५ मेगापास्कल (हे दाबाचं एकक), सैलसर बसल्यावर ०.४६, मुद्दाम पाठ ताठ केली की ०.५५, आणि खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर फक्त ०.२७! पूर्ण पुढे वाकून बसल्यावर मात्र ०.८३. आता हा एकच माणूस होता आणि चकतीवरचा दाब म्हणजेच पाठदुखी असंही नाही, तरी दिवसभर ताठ बसायचा धोशा लावणाऱ्या ॲपवाल्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

मला विचाराल तर या सेन्सरचा खरा उपयोग तुम्ही किती वेळ हललाच नाहीत हे पकडण्यात आहे, कारण एकाच पोझिशनमध्ये तासभर बसलं की ती ताठ असली तरी स्नायू आखडतात. आणि सारखं व्हायब्रेट होत राहिलं की आपण त्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, नाहीतर डिव्हाइस काढलं की परत जैसे थे. त्यामुळे सेटिंगमध्ये कोनाची मर्यादा जरा सैल करा आणि अर्धा तास हालचाल नाही झाली तर वाजेल असा अलार्म असेल तर तो चालू ठेवा. तो ऑप्शनच नसेल तर फोनचा साधा टायमरसुद्धा तेवढं काम करतो, फक्त आपण मधेच उठून फिरून आलो होतो हे त्याला कळत नाही एवढंच.