लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ. असं का?

आमचे एक काका लंडनला लेकीकडे राहून परत आले आणि आल्याआल्या पहिला प्रश्न, "जाताना दहा तास लागले, येताना नऊच, पृथ्वी फिरते म्हणून ना रे?" हे बऱ्याच जणांना वाटतं. पण जरा विचार करा, पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे आपण हवेत असताना लंडन आपल्याच दिशेने सरकायला हवं आणि जातानाच कमी वेळ लागायला हवा. होतं नेमकं उलट.

मुळात विमान आणि हवा दोन्ही पृथ्वीसोबतच फिरतात. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किमी वेगाने पूर्वेला पळतेय, हवा सोबत नसती तर जुहूला भेळेतले कुरमुरे सोडा, भेळवालाही उडाला असता.

खरं कारण वारा. साधारण 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे वाऱ्याचे अरुंद पट्टे असतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि रिपोर्ट लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या, मोजक्याच लोकांना येणाऱ्या भाषेत, मग कोण वाचणार!

आता मला आवडणारा भाग. विषुववृत्तावर हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे निघते. विषुववृत्तावरची जमीन ताशी 1,670 किमीने फिरते, तोच वेग हवेलाही असतो. पण 30 अंश अक्षांशावर पोचेपर्यंत ती पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ आलेली असते, आणि फुगडी घालताना दोघी जवळ आल्या की गिरकीचा वेग कसा वाढतो, तसं हवेचंही होतं (कोनीय संवेग अक्षय्य राहतो म्हणून), वेग होतो 1,930च्या आसपास. तिथली जमीन मात्र 1,450नेच फिरते. फरक राहतो 480 किमीचा, आणि जमिनीवरच्या माणसाला तो पश्चिमेचा वारा दिसतो. प्रत्यक्षात भोवरे, घर्षण वगैरेमुळे तो बराच कमी भरतो, पण 150-200 सहज असतो, हिवाळ्यात जास्त. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते, पृथ्वी फिरण्याचा संबंध आहे, फक्त तो वाऱ्यामार्फत.

फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी 1,300 किमीच्या वर. लगेच "आवाजापेक्षा वेगवान विमान" असले फॉरवर्ड फिरायला लागले. कसलं काय, आवाजाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत धरतात आणि ती हवाच धावत होती. विमान नेहमीसारखंच उडत होतं.

बरं, जाताना जे गेलं ते येताना वसूल होतं का? नाही! मुंबई-लंडन अंतर पृथ्वीच्या गोलावरून 7,200 किमी धरा, विमानाचा वेग 900. वारा नसेल तर 8 आणि 8, एकूण 16 तास. 100चा वारा असेल तर जाताना 7,200 भागिले 800 म्हणजे 9 तास, येताना भागिले 1,000 म्हणजे 7.2. बेरीज 16.2, चक्क 12 मिनिटं जास्त. कारण उलट्या वाऱ्यात आपण असतोही जास्त वेळ.