हिवाळ्याची भाजी, भर उन्हातली पेरणी

वाफ्यातली माती हाताला चटका देतेय आणि आपण कोबी-गाजराचं बी घेऊन बसलोय, हे चित्र विचित्र वाटतं. पण जिथे हिवाळा कडक असतो, तिथे हिवाळी भाज्यांची पेरणी उन्हाळ्याच्या मध्यावरच करावी लागते. थंडीचा विचार सगळेच करतात, उजेडाचा मात्र राहून जातो. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे जे काय वाढायचं ते त्याआधीच. पुढे वाफा हे नुसतं कोठार, लागेल तसं काढून आणायचं.

म्हणून उलटी मोजणी करायची. गाजराला साधारण 70 ते 80 दिवस लागतात. त्यात आखडत्या दिवसांचे दोन-तीन आठवडे मिळवायचे आणि पहिल्या हिमकणांच्या अंदाजे तारखेपासून तेवढे दिवस मागे जायचं. बोट थेट उन्हाळ्यावर येतं.

खरी परीक्षा बियांची. लेट्यूसच्या अनेक जाती माती 30 अंशांच्या वर तापली की उगवतच नाहीत. बी मेलेलं नसतं. गर्भाभोवती पेशींचं एक पातळ वेष्टन असतं. उष्णतेत अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक टिकून राहतं, वेष्टन सैल पडत नाही आणि कोंब आतच अडकतो. भिजल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत नाजूक. त्यामुळे पेरणी आणि पहिलं पाणी संध्याकाळीच. रात्रीच्या गारव्यात बी पुढचं पाऊल टाकतं. एवढ्याशा बियाला हवामानाची ही जाण असावी, याचं मला दरवर्षी नव्याने नवल वाटतं.

गाजराची अडचण साधी आहे: वरचा थर सुकला की कोंब जळतो. वाफ्यावर ओलं गोणपाट टाका, चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज उचलून बघा आणि हिरवं टोक दिसताच गोणपाट काढून घ्या.

मग थंडी येते. गाजर, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) यांसारख्या भाज्या पेशींमध्ये साखर वाढवतात. त्यामुळे पेशीतलं पाणी गोठायला आणखी कमी तापमान लागतं आणि आपल्याला गोडी मिळते. कडाक्याच्या पहाटे केलची पानं काचेसारखी कडक झालेली दिसतील. बर्फ बहुतांशी पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत धरलेला असतो. तेव्हा त्यांना हात लावू नका. ऊन चढलं की पाणी परत पेशींत शिरतं आणि पानं पूर्ववत होतात. तोडणी त्यानंतर करा.