खोक्यावर ‘डिजिटल रेडिओ’ लिहिलंय, पण कुठला?

मावसभावाने इंग्लंडमधल्या लेस्टरहून येताना आईसाठी टेबलावर ठेवायचा रेडिओ आणला. लाकडी पेटी, पुढे मोठं गोल बटण, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘डिजिटल रेडिओ’. पुण्यात प्लग लावताच तो आपणहून स्टेशनं शोधायला लागला. शोध संपला आणि पडद्यावर आलं शून्य. आई म्हणाली, “बिघडलेलाच आणलास की रे!”

बिघडलेला नव्हता. तो डॅबचा संच होता.

डॅब एफएमसारखाच मनोऱ्यावरून हवेतून येतो, फक्त आवाज आकड्यांत बदललेला असतो. बीबीसीने तो 1995 मध्ये सुरू केला. नॉर्वेने तर 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद करून त्या डॅबवर नेल्या. ना वायफाय, ना पासवर्ड, ना डेटाचा खर्च. अँटेना ओढली की झालं. पण भारतात डॅबचं नियमित प्रक्षेपणच नाही. आकाशवाणीने मध्यम लहरींसाठी डीआरएम हे वेगळं तंत्र घेतलं, ते नुसत्या डॅबच्या संचाला उमगत नाही. आमच्या पेटीत उरलं एफएम. 101 वर विविध भारती लागली, तेव्हा कुठे मावसभाऊ सुटला.

इंटरनेट रेडिओ दिसायला हुबेहूब असाच, पण त्याला मनोरा नको, घरचं वायफाय हवं. मग लेस्टरला बसून आकाशवाणी ऐका नाहीतर पुण्यात बसून परदेशी स्टेशन. काही संचांत दोन्ही सोयी असतात. म्हणून ‘डिजिटल’ या शब्दावर जाऊ नका, खोक्यावर वायफाय लिहिलंय का ते बघा.

तो घरी आणल्यावर खरी कसोटी पासवर्डची. गोल बटण फिरवत एकेक अक्षर निवडायचं. पंधरा अक्षरांच्या पासवर्डला चहा गार होतो. राउटरवर डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्डशिवाय जोडणी करून देणारं बटण असेल तर तेवढा त्रास वाचतो. घरचं वायफाय यादीत दिसतच नसेल, तर बहुधा संचाला वायफायच्या लहरींपैकी फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झ कळतं आणि तुमचं वायफाय 5 वर आहे. डेटाची फार धास्ती नको: 128 केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण 58 एमबी खातं.

एक खोट मात्र आहे. स्टेशनांची यादी संचात नसते, ती दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून येते, आणि प्रसारणाची पद्धतही स्टेशनवाले बदलतात. 2023 मध्ये बीबीसीने इंटरनेटवरचं जुन्या पद्धतीचं प्रसारण बंद केलं आणि बरेच जुने संच बीबीसीपुरते मुके झाले. त्यामुळे वापरलेला इंटरनेट रेडिओ स्वस्तात मिळत असेल, तर आपलं स्टेशन समोर लावून दाखवायला सांगा.

आणि त्यावर घड्याळ लावू नका. एफएमवर वेळेचे ठोके पडून जातात तेव्हा इंटरनेटवर अजून आधीचंच वाक्य चाललेलं असतं.