एबीएसचा पिवळा दिवा काढू नका

गेल्या पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्यात आलो आणि गाडीचा एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी, म्हणजे फिरायची थांबून घसरू न देणारी यंत्रणा. गॅरेजमधला मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक तर झकास लागतोय साहेब. दिवा डोळ्यांत खुपत असंल तर त्याचं कनेक्शनच काढतो." मी नको म्हणालो. शोधल्यावर पुढच्या चाकाच्या सेन्सरची वायर घासून तुटलेली निघाली.

वायर तुटली हे ओळखणारी चिप स्वतःच चुकली तर? चिपा चुकतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत तयार झालेला एखादा न्यूट्रॉन मेमरीतल्या ० चा १ करू शकतो. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला यंत्राने ४०९६ मतं जास्त दाखवली. ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, म्हणजे नेमका एकच बिट, मेमरीतला एकच ० किंवा १, उलटलेला. कारण किरणच असावेत असा तज्ज्ञांचा कयास आहे.

म्हणून ब्रेकसारख्या कामांसाठी वेगळ्या चिपा बनवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस५७० घ्या. तिच्यात दोन प्रोसेसर तोच प्रोग्राम, तीच आकडेमोड करतात आणि तिसरं एक सर्किट दोघांची उत्तरं चिपच्या आतल्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला ताडून पाहतं. याला लॉकस्टेप म्हणतात. मला मोह पडतो तो पुढच्या युक्तीचा. दुसरा प्रोसेसर मुद्दाम दोन ठोके मागे चालवतात. सेकंदाला १८ कोटी ठोके धरले, तर हे अंतर सेकंदाच्या सुमारे नऊ कोटीव्या भागाएवढं. एवढ्याने काय होतं? बॅटरीच्या व्होल्टेजला झटका बसला तर तो दोघांना एकाच क्षणी बसतो. दोघं त्या क्षणी एकच काम करत असतील, तर दोघं सारखीच चूक करतील आणि उत्तरं जुळतील. दोन ठोक्यांचं अंतर असलं की झटका दोघांना वेगवेगळ्या कामात गाठतो आणि उत्तरं वेगळी निघतात. शिवाय सिलिकॉनवर दुसऱ्याचा आराखडाही उलटा फिरवून काढतात. मेमरीतल्या दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. त्यातून एक चूक दुरुस्त होते, दोन कळतात.

उत्तरं जुळली नाहीत, तर खरं कोण हे दोघांतून ठरत नाही. मग एबीएस बाजूला होतं, पेडलचा साधा ब्रेक तसाच राहतो आणि दिवा लागतो. म्हणजे ओल्या घाटात करकचून ब्रेक मारला तर आता चाकं लॉक होऊ शकतात. घाटाआधी बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तिला सेन्सरची तुटकी वायर दिसत नाही. दिव्याकडे बघा.

आणि ताडून पाहणारं सर्किटच बिघडलं तर? त्याचीही सोय आहे. चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागतो, तेवढ्यात आतल्या चाचण्या उरकतात. त्या सर्किटला तेव्हा मुद्दाम न जुळणारी उत्तरं देतात आणि ते ओरडतं का, हे पाहतात.