वर्गाबाहेरच्या पदवीची पत

२ सप्टेंबर २०२२ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एक छोटी जाहीर सूचना काढली. मान्यताप्राप्त विद्यापीठाने दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन दिलेली पदवी ही नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानली जाईल, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कायद्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. घराघरांत मात्र तो मिटलेला नाही. मुलगी नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए करते म्हटल्यावर काका-मामांपैकी कोणीतरी विचारतंच, ‘पण ते चालतं का?’ ही शंका इंटरनेटबरोबर आलेली नाही. तिला आपल्याकडे साठेक वर्षांचा इतिहास आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीचशी शंका विद्यापीठांनी स्वतःच्या कर्तृत्वावर कमावलेली आहे.

सुरुवात जरा मागून करावी लागेल. १८५७ मध्ये स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ शिकवत नव्हतं. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते परीक्षा घेणारं आणि पदव्या देणारं मंडळ होतं. शिकवण्याचं काम एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांचं. १८६२ मध्ये पदवीधर झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते, त्यांच्या पदवीवरचा शिक्का परीक्षा घेणाऱ्याचा होता, शिकवणाऱ्याचा नव्हता. लंडनने तर १८५८ मध्ये कॉलेजात जाण्याची अटच काढून टाकली आणि कुठेही अभ्यास करून परीक्षेला बसायची मुभा दिली. आपल्याकडे कॉलेजात टर्म भरणं सक्तीचं राहिलं, ‘बहिःस्थ’ विद्यार्थ्यांची सोय पुढे हळूहळू होत गेली. गावातला प्राथमिक शिक्षक किंवा कचेरीतला कारकून घरी अभ्यास करून बी.ए.ला बसायचा तो याच वाटेने.

टपालाने शिकवण्याची पद्धतशीर सुरुवात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केली. मुंबई विद्यापीठाचा पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग १९७१ मध्ये आला. पुढे तोच ‘आयडॉल’ म्हणून ओळखला गेला. हेतू सरळ होता: कॉलेजांत जागा कमी आणि शिकू पाहणारे जास्त. पण हिशेबही तितकाच सरळ होता. छापील नोट्स एकदा तयार झाल्या की पुढच्या हजार विद्यार्थ्यांचा खर्च छपाई आणि टपालाएवढा. फी मात्र प्रत्येकाकडून. अनेक विद्यापीठांसाठी हा विभाग दुभती गाय ठरला. त्याच्या शिलकीवर इतर विभाग चालले, आणि नोट्स वर्षानुवर्षं त्याच राहिल्या. बी.एड.च्या बाबतीत तर टपालाने शिक्षक घडवण्याचा असा बाजार झाला की १९९३ च्या कायद्याने शिक्षक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार देण्यामागे हेही एक कारण होतं.

मुक्त विद्यापीठाची कल्पना याहून वेगळी. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली, १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं, बीबीसीवरून पाठ प्रसारित होऊ लागले. प्रवेशाला आधीच्या पात्रतेची अट नाही, हा तिथला खरा धाडसी भाग. भारतात १९८२ मध्ये आंध्र प्रदेशने आणि १९८५ मध्ये ‘इग्नू’च्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, रूपाने केंद्राने ती वाट धरली. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, नंतर इग्नूचेही झाले.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आणि मराठी माध्यम, या दोन गोष्टींनी महाराष्ट्रात काय बदललं ते बघायचं तर रविवारी एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रावर जायला हवं होतं. संपर्क सत्राला बाकांवर साध्या कपड्यांतला पोलीस शिपाई, एसटीचा वाहक, अंगणवाडी सेविका, मुलाला सासूकडे ठेवून आलेली गृहिणी. बारावी न झालेल्यांसाठी ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम होता. तो पार करून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसता यायचं. शिपायाला फौजदाराच्या खात्यांतर्गत परीक्षेसाठी पदवीची मदत व्हायची, सेविकेला मुख्य सेविकेच्या पदासाठी. ‘मुक्तमधून केलं’ हे वाक्य लोक थोडं खालच्या आवाजात उच्चारायचे, पण त्या कागदावर बढती मिळायची. गंमत म्हणजे ज्या विद्यापीठाच्या पदवीकडे नाक मुरडलं जायचं, त्याची मराठी पुस्तकं एमपीएससीची तयारी करणारी ‘रेग्युलर’ मुलं शोधून शोधून वाचायची. स्वतः वाचून समजेल असं लिहिणं हे तिथल्या लेखकांना जमलं होतं, आणि आज व्हिडिओ व्याख्यानांच्या काळातही ते फार कमी ठिकाणी जमतं.

घसरण झाली ती मान्यता देण्याच्या पातळीवर. १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ठरवलं की दूरशिक्षण परिषदेची, आणि लागू असेल तिथे तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईची, मंजुरी असेल तरच दूरशिक्षणाची पदवी केंद्राच्या नोकरीला चालेल. ही परिषद १९९१ मध्ये इग्नूच्याच छत्राखाली स्थापन झालेली. म्हणजे जे विद्यापीठ स्वतः दूरशिक्षण देत होतं, त्याच्याच घरातून इतरांना परवाने मिळत होते. राज्यांचं वेगळंच. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याखाली तब्बल ११२ खासगी विद्यापीठं उभी केली, त्यांतली कित्येक फक्त कागदावर. यूजीसीचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली संबंधित कलमंच रद्द केली.

त्याच काळात अभिमत, म्हणजे ‘डीम्ड’, विद्यापीठं राज्याच्या सीमा ओलांडून फ्रँचायझी पद्धतीने केंद्रं उघडत होती. दोन खोल्या, एक बोर्ड, एक संगणक, आणि फीमधला ठरलेला वाटा. इतिहासाची पदवी अशी दिली तर एकवेळ नुकसान कमी, पण काहींनी चक्क बी.टेक. विकलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित. एआयसीटीईची परीक्षा उत्तीर्ण झाले तरच त्या परत वैध. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या सरळ रद्द. विद्यापीठांना मागाहून दिलेली परवानगी न्यायालयाने टिकू दिली नाही.

या निकालाचा अर्थ एका माणसाच्या अंगाने बघा. २००३ मध्ये डिप्लोमाधारक कनिष्ठ अभियंता नोकरी करत प्रवेश घेतो, चार वर्षं फी भरतो, पदवीच्या जोरावर बढती घेतो. चाळिशीत त्याला कळतं की पुन्हा परीक्षेला बसायचंय. विद्यापीठाची इमारत जागेवर राहते. ‘ते चालतं का?’ असं विचारणारे काका-मामा इथे चुकीचे नव्हते.

कर्नाटकच्या राज्य मुक्त विद्यापीठाचंही तसंच झालं. कार्यक्षेत्राबाहेर भागीदार संस्थांमार्फत अभ्यासक्रम चालवल्याबद्दल यूजीसीने २०१५ मध्ये त्याची मान्यता काढली, ती २०१८ मध्ये परत मिळाली. मधली वर्षं विद्यार्थ्यांच्या डोक्यावर. आणि हे फक्त शेजाऱ्यांकडे घडलं असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आयोगाने जाहीर केलेल्या यादीत मुंबई विद्यापीठाच्या आयडॉलचंच नाव नव्हतं. विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची, म्हणजे दर्जा तपासून गुण देण्याच्या प्रक्रियेची, मुदत एप्रिल २०१७ मध्ये संपली होती आणि नवं मूल्यांकन झालेलं नव्हतं. मान्यता पुढे मिळाली, पण तोवर हजारो विद्यार्थ्यांचे प्रवेश अधांतरी होते, आणि त्यांचा त्या मूल्यांकनाशी काडीचा संबंध नव्हता.

दरम्यान शिकवण्याचं तंत्र पार बदललं होतं. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत ऑनलाइन वर्गाला दीड लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं, आणि पुढच्या वर्षभरात कोर्सेरा, एडएक्स, युडॅसिटी ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठं उभी राहिली. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीने ‘एनपीटेल’ हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम त्याच्या कितीतरी आधी, २००३ मध्ये, सुरू केलं होतं. वाडीवस्तीतल्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी परीक्षेच्या आदल्या रात्री त्या व्याख्यानांवर किती विषय काढले असतील, त्याची नोंद कुठल्याच विद्यापीठाकडे नाही. पण ते व्हिडिओ होते, पदवीत मोजले जाणारे श्रेयांक (क्रेडिट) नव्हते. ‘स्वयम्’ हे केंद्राचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं तेव्हा त्याची पायाभरणी झालेली होती: २०१६ च्या नियमांनुसार २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येत होते. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली.

कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये खरी खळबळ या ४० टक्क्यांनी उडवली. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांची पदं कार्यभारावर ठरतात, म्हणजे आठवड्याला किती तासिका आहेत यावर. विषय ऑनलाइन गेला की तासिका कमी, तासिका कमी की पद कमी. ज्या कॉलेजांत आधीच निम्मं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या, सीएचबीच्या शिक्षकांवर चालतं, तिथे ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. दुसरी बाजूही आहे. जिथे संख्याशास्त्राला शिक्षकच मिळत नाही, तिथल्या मुलाला एखाद्या आयआयटीच्या प्राध्यापकाचा कोर्स घेऊन त्याचे श्रेयांक गुणपत्रिकेत मिळणं ही लहान गोष्ट नाही. माझं मत विचाराल तर मुलाचा फायदा मोठा आहे. पण तो दाखवून पदभरती टाळणाऱ्यांना मोकळं सोडता कामा नये.

संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याचे नियम जुलै २०१८ मध्ये आले. अर्थसंकल्पात अशा पदव्यांची घोषणा झाली १ फेब्रुवारी २०२० रोजी, आणि दोन महिन्यांत टाळेबंदी लागली. ४ सप्टेंबर २०२० च्या नव्या नियमावलीने दूरशिक्षण आणि ऑनलाइन दोन्ही एका छत्राखाली आणलं. नॅकचे ३.२६ किंवा त्याहून जास्त गुण असलेल्या, किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत पहिल्या शंभरांत तीन वर्षांत दोनदा आलेल्या विद्यापीठांना पूर्वपरवानगीशिवाय ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करता येऊ लागले. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी, नर्सिंग, औषधनिर्माण यांसारखे अभ्यासक्रम बाहेरच ठेवले. २०१७ चा निकाल ताजा होता.

इथे एक विसंगती नोंदवायलाच हवी. २०२० ते २०२२ मध्ये लाखो मुलांनी घरात बसून, मोबाइलवर, नेट गेलं की गच्चीवर जाऊन लेक्चरं ऐकली, आणि बऱ्याच ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षाही घरूनच दिली. त्यांची पदवी ‘रेग्युलर’. त्याच काळात, बहुधा जास्त नीट आखलेला अभ्यासक्रम ऑनलाइन म्हणून पूर्ण केलेल्याची पदवी ‘ऑनलाइन’. कायद्याने दोन्ही समान, तरी ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदवीच्या कागदावर शिक्षणाचा प्रकार नोंदवण्याची अट आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन एम.एस. सुरू केली, जेमतेम सात हजार डॉलरच्या आसपास फीमध्ये, आणि पदवीच्या कागदावर ‘ऑनलाइन’ हा शब्दच छापला नाही. अभ्यास तोच, परीक्षकांची कसोटी तीच, मग कागद वेगळा कशाला, हा त्यांचा हिशेब.

आपल्याकडे त्या विश्वासाच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासची जून २०२० मध्ये जाहीर झालेली डेटा सायन्सची पदवी. जेईई नाही, चार आठवड्यांचा अभ्यास आणि त्यावरची पात्रता परीक्षा. व्हिडिओ घरी, पण प्रश्नमंजूषा आणि सत्रान्त परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून. मध्येच थांबायचं तर पायाभूत प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. इतर अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांची परीक्षा घरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर होते. नोकरी देणाऱ्याला दोन्हींतला फरक बरोबर कळतो. १८६२ मध्येही पदवीची पत परीक्षेवरच ठरत होती.

पैशाची बाजू आता शिक्षणतंत्रज्ञानाच्या कंपन्यांकडे सरकली आहे. विद्यापीठ पदवी देतं. जाहिरात, फोन करून प्रवेश मिळवणं, कर्जाचे हप्ते जुळवणं हे कंपनी करते. अमेरिकेत हेच काम करणारी ‘टूयू’ फीचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवत वाढली, २०२१ मध्ये तिने एडएक्स ८० कोटी डॉलरला घेतली, आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. आपल्याकडे यूजीसी आणि एआयसीटीईने जानेवारी २०२२ मध्येच बजावलं की अशा कंपन्यांशी फ्रँचायझी करार करून पदवी देता येणार नाही. जाहिरातीत विद्यापीठाच्या नावापेक्षा कंपनीचं नाव मोठं दिसलं की २००५ च्या आसपासची ती दोन खोल्यांची केंद्रं आठवतात.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने आजची व्यवस्था तरी आधीपेक्षा तपासता येण्याजोगी आहे. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रासाठी असते, आणि ती यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबीच्या) संकेतस्थळावर असते. तीसुद्धा बदलते: मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित काही विषय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ऑनलाइन आणि दूरशिक्षणातून काढले गेले, त्यामुळे जुन्या जाहिरातीवर विसंबून चालत नाही. सप्टेंबर २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने आपला अपार म्हणजे एबीसी क्रमांक (श्रेयांकांच्या डिजिटल खात्याचा) वापरून ‘डीईबी आयडी’ काढणंही सक्तीचं आहे. एजंट ‘आधी फी भरा, आयडी नंतर बघू’ म्हणाला, तर तिथेच फोन ठेवावा.