टोपी माकड व चिचुंद्री (ठाणे परिसर)

टोपी माकड (मकाका रेडिएटा) आणि चिचुंद्री (सन्कस म्युरिनस) हे ठाणे परिसरात आढळणारे दोन सस्तन प्राणी. पहिला येऊरच्या डोंगरात व लगतच्या वस्त्यांत दिसतो. दुसरा गटारे, गोदामे व चाळींच्या मोऱ्यांत. माकडाचा नर सुमारे 6 ते 9 किलोग्रॅम भरतो, तर चिचुंद्री क्वचितच 100 ग्रॅमच्या पुढे जाते.

चिचुंद्रीला उंदीर समजतात, ते दातांवरून खोटे ठरते. तिला 30 पांढरे, टोकदार दात असतात. घरातल्या उंदराला 16, माकडाला 32.

माकड व चिचुंद्री यांचे नाते हा वर्गीकरणातला जुना वाद आहे. नरवानर गण (माकडे, वानर व माणूस यांचा गट) चिचुंद्रीसारख्या कीटकभक्षकांपासून निघाला असे पूर्वी मानले जाई. सातपुडा व पूर्व घाटात राहणारी वृक्षचिचुंद्री (खारीसारखा दिसणारा लहान प्राणी) व तिचे आशियाई भाईबंद हे त्यातील दुवा समजले जात. ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ ल ग्रो क्लार्क यांनी कवटी व मेंदूच्या आधारे हे मत मांडले, आणि अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ सिम्पसन यांनी 1945 च्या वर्गीकरणात वृक्षचिचुंद्रींना नरवानर गणातच बसवले. पुढे हे साम्य वरवरचे ठरवण्यात आले. आज वृक्षचिचुंद्रींचा गण स्वतंत्र आहे. डीएनएच्या पुराव्यानुसार खरी चिचुंद्री वटवाघळे, मांसभक्षक व खुरी प्राणी यांच्या शाखेत येते, माकड मात्र उंदीर-सशांच्या. म्हणजे माकडाला चिचुंद्रीपेक्षा उंदीरच जवळचा. हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही शाखा बहुधा क्रिटेशस कल्पात (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात) फुटल्या. रेणवीय कालमापन (डीएनएतील बदलांवरून काढलेला काळ) जीवाश्मांपेक्षा बरेच मागे जाते.

चिचुंद्रीच्या मूलस्थानाबद्दलही मतभेद आहेत. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने 1766 मध्ये तिचे वर्णन जावातील नमुन्यावरून केले; तरी ती दक्षिण आशियातली असून जहाजांतून पूर्व आफ्रिकेपर्यंत व पॅसिफिकमधील ग्वाम बेटापर्यंत पोचली, याकडे कल आहे.

चिचुंद्रीची पिल्ले महिनाभराच्या गर्भावस्थेनंतर जन्मतात, आणि पुढे एकमेकांचे अंग तोंडात धरून आईमागे ओळीने चालतात. माकडीण साडेपाच महिन्यांनी सहसा एकच पिल्लू देते.

टोपी माकडाची उत्तर सीमा ढोबळमानाने तापीपर्यंत धरतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ऱ्हीसस माकडांच्याही (उत्तर भारतातील जवळची जात) नोंदी असल्याने ठाण्यातील माकड टोपीच असेल असे गृहीत धरू नये. टोपी माकडाची खूण असलेला डोक्यावरच्या केसांचा भोवरा पाहावा. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत टोपी माकड असुरक्षित गटात आहे, चिचुंद्री नाही.